हुरड्याच्या रात्रीतला खुनी कसा शोधावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुरड्याचे दिवस आहेत. शेतावर आगटी पेटते, जेवायला दहा-बारा मंडळी जमतात आणि अशा बैठकीला खुनाच्या रहस्याचा खेळ छान जमतो. यात प्रत्येकाला पाकिटातून एक भूमिका आणि काही पुरावे मिळतात, एक जण ‘खुनी’ असतो आणि तो कोण हे शेवटी सगळे चिठ्ठीवर लिहितात. पण या चिठ्ठ्या उघडल्या की बहुतेक उत्तरे अंदाजपंचे दाहोदर्शे निघतात. जो अडखळला, ज्याला घाम फुटला, त्याचे नाव. मग ‘खेळच अवघड होता’ अशी कुरकुर. वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही, हे खरे कारण. तो कसा मांडावा, ते लिहीत आहोत.

पाकीट हाती आले की आधी यजमानाला तीन गोष्टी विचाराव्यात. खुन्याशिवाय इतरांना खोटे बोलायची मुभा आहे का? खुन्याला आपण खुनी आहोत हे माहीत आहे का? साथीदार असू शकतो का? बऱ्याच खेळांत खोटे बोलायची परवानगी फक्त खुन्याला असते. बाकीच्यांनी थेट विचारल्यावर खरे सांगायचे असते. हा नियम असेल आणि साथीदार नसेल, तर दोघांचे बोलणे जुळेना झाले की खुनी त्या दोघांतलाच.

मग वहीचे पान आडवे धरावे. डावीकडे सगळ्यांची नावे, वर 15-15 मिनिटांचे रकाने. मृताला शेवटचे जिवंत पाहिले ती वेळ आणि प्रेत सापडले ती वेळ, दोन्हींवर जाड रेघ. प्रत्येक चौकटीत खूण करावी: स्वतःच सांगितले तर ‘स्व’, दुसऱ्याने पाहिले तर ‘सा’, वस्तूवरून ठरले तर ‘पु’. ‘स्व’ची चौकट रिकामीच समजावी. दोघे फक्त एकमेकांचीच साक्ष देत असतील तर तीही कच्ची. लिहायला पेन्सिलच घ्यावी, खाडाखोड होतेच.

लोक घड्याळाप्रमाणे बोलत नाहीत. ‘लाइट गेल्यावर थोड्या वेळाने’ असे बोलतात. म्हणून सगळ्यांनी अनुभवलेली एक घटना खुंटीसारखी धरावी. लाइट 7.20 ला गेली असेल तर प्रत्येकाला एकच विचारावे: त्या क्षणी तुम्ही कुठे होता, शेजारी कोण होते? एखादा म्हणाला, ‘अंधारात विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता,’ तर कान टवकारावेत. पण लगेच आरोप नको. शेतीचा फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, बऱ्याचदा वेगळा असतो, घरातली लाइट गेली तरी मोटार चालू राहू शकते. दोन्ही एकाच लाइनवर आहेत का, हे यजमानाकडून आधी पक्के करावे.

हेतूच्या मागे मात्र लागू नये. बांधाचा वाद, उसनवारी, वाटणी असे कारण खेळ लिहिणारा प्रत्येकाच्या पाकिटात टाकतोच. हेतूने कोणी यादीतून बाद होत नाही. संधी आणि साधन यांनी होते. 1949 साली बाजारात आलेला क्लूडो हा खुनी शोधायचा पटावरचा खेळ आठवावा: 6 संशयित, 6 हत्यारे, 9 खोल्या, म्हणजे 324 शक्यता. एक संशयित बाद झाला की 54 शक्यता एका दमात जातात. इथेही खुनी ‘शोधण्या’पेक्षा निर्दोषांना एकेक करून बाजूला काढावे.

वस्तू नीट बघाव्यात. ‘मी तासभर आगटीपाशी कणसे चोळत होतो’ म्हणणाऱ्याचे तळहात काळे असायला हवेत, बाहीला कूस चिकटलेले हवे. पुराव्याच्या चिठ्ठीत त्याच्या स्वच्छ पांढऱ्या रुमालाचा उल्लेख आला तर त्याची चौकट खोडावी. विषाचे प्रकरण असेल तर पंगतीतल्या सगळ्यांनी काय खाल्ले आणि मृताने एकट्याने काय खाल्ले, हे वेगळे लिहावे. जवसाची चटणी सगळ्यांनी खाल्ली आणि बिनसाखरेचा चहा फक्त त्याच्यासाठी झाला, तर तो कप कुणाकुणाच्या हातातून गेला एवढेच बघायचे.

‘खून तुम्ही केला का?’ या प्रश्नातून काही निघत नाही. किती वाजता, कोणत्या दाराने, हातात काय होते, असे विचारावे आणि दुसऱ्या फेरीत तेच पुन्हा. हत्यार जाहीर होण्याआधीच कोणी त्याचा उल्लेख केला तर ते शब्द जसेच्या तसे टिपावेत. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्या कोपऱ्यातल्या पाहुण्याकडे मुद्दाम जावे. महत्त्वाची चिठ्ठी पुष्कळदा तिथेच पडून असते. चकवा, म्हणजे दिशाभूल करायला टाकलेला पुरावा, तोही ओळखता येतो: त्यातून चोरी किंवा लपवलेले नाते उलगडते, पण खुनाच्या वेळेपर्यंत धागा पोहोचत नाही.

यजमानांनाही एक विनंती. ताटे वाढताना पुरावे वाटू नयेत, भाकरीच्या हाताने कोणी कागद वाचत नाही. पाकिटे दोन दिवस आधी पोहोचवावीत, फेरी 20-25 मिनिटांची ठेवावी, उघड्यावर चिठ्ठ्यांवर वजन ठेवावे आणि सगळ्या पाकिटांची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. एक पाहुणा आला नाही की त्याच्या पाकिटातला पुरावाही येत नाही आणि कोडे सुटूच शकत नाही. त्याची माहिती लगेच दुसऱ्याकडे सोपवावी.

शेवटची 10 मिनिटे बोलणे बंद करून कोण, कसे, का हे लिहायला द्यावीत. लिहिण्याआधी आपले उत्तर ‘पु’च्या प्रत्येक चौकटीशी ताडून पाहावे, एकही चौकट आडवी आली तर नाव बदलावे. उत्तर जाहीर करताना यजमानांनी नुसते नाव सांगू नये, कोणत्या चिठ्ठीने कोण बाद झाले ते क्रमाने वाचून दाखवावे.

आपले,
रहस्यखेळ बसवणारी मित्रमंडळी,
छत्रपती संभाजीनगर