जंताची गोळी दिली, पण साबण कुठे आहे?

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. २०१५ पासूनचा हा उपक्रम चांगलाच आहे. मात्र ही गोळी शिक्षकांसमोर चावून खायची असते. आमच्या भागातील एका शाळेने ती मुलांच्या हाती देऊन घरी धाडली. नातवाची गोळी कंपासपेटीत, पेन्सिलीच्या भुशात फुटून पडलेली सापडली! मूल त्या दिवशी आजारी असेल तर गोळी द्यायची नाही, राहिलेल्यांना आठवड्याने मॉप-अप दिनी मिळते, हेही पालकांना कोणी सांगत नाही.

गोड खाल्ल्याने जंत होतात, हा समज तर अजून पक्का आहे. साखरेचा काही दोष नाही हो! गोल कृमीची अंडी मातीतून नखांत आणि न धुतलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून पोटात जातात. आकडेकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते, मग आतड्याला चिकटून रक्त पिते आणि मूल पांढरेफटक पडते. गोळीने पोटातले जंत मरतात, मातीतली अंडी तशीच राहतात. म्हणून तर गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

याच शाळेत मुलांच्या शौचालयाला कडी नाही, त्यामुळे मुले मागच्या ओढ्याकडे जातात. नळाला पाणी येते, साबण मात्र नसतो. व्यवस्थापन समितीने आधी तो आणावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपखर्चातून तेवढे पैसे सहज निघतील.

– एक आजोबा, जि. सातारा