विषय : गिअरबॉक्सचा खडखडाट, चार जॉब कार्डं आणि तुमच्या तज्ज्ञांचा सल्ला

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर मी ३१ मिनिटं होतो. त्यातली १९ मिनिटं तुमच्या जाहिरातीची धून ऐकली. उरलेल्या १२ मिनिटांत जे ऐकलं, त्यासाठी हे पत्र. चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि चारही जॉब कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तेव्हा "सर, गाडीचा नंबर सांगाल का" इथून पुन्हा सुरुवात नको.

तक्रार साधी आहे. डिझेल पिकअप, मॅन्युअल गिअर, ३४,००० किलोमीटर. गाडी चांगली गरम झाली की न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढताच गिअरबॉक्समधून पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. क्लच दाबला की बंद, सोडला की चालू. पेडल अगदी सावकाश सोडलं तर शेवटच्या बोटभर अंतरात तो कुठे सुरू होतो तेही दाखवता येतं. चालत्या गाडीत तिसऱ्या-चौथ्या गिअरला १,००० ते १,४०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) दरम्यान तोच खडखडाट. लिव्हरवर हात ठेवला तर तळहाताला मुंग्या येतात. १,६००च्या पुढे गेलं की जणू काही झालंच नव्हतं. आणि सकाळी गाडी थंड असताना आवाज जवळजवळ नसतो. हे शेवटचं वाक्य मी पहिल्या वेळी तोंडी सांगितलं, दुसऱ्या वेळी लिहून दिलं, तिसऱ्या वेळी फोनवर दोन्ही आवाज रेकॉर्ड करून नेले.

तुमच्या वर्कशॉपने चारही वेळा गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड गाडी गेटपर्यंत फिरवून आणली. चारही जॉब कार्डांवर एकच ओळ आहे : "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज. तपासणीत आवाज आढळला नाही." ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि रोग्याला खोटारडा ठरवायचं, त्यातला हा प्रकार.

गिअरबॉक्स तुम्ही बनवता. तरी तुमचा ॲडव्हायझर "डिझेल आहे सर, आवाज येणारच" म्हणतो तेव्हा ते डिझेल मलाच त्याला समजावून सांगावं लागतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोनदा इंधन पेटतं. म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून धक्काही दांडगा. कमी आरपीएमला दोन धक्क्यांमध्ये वेळ जास्त जातो, त्यामुळे क्रँक एकसारखा न फिरता हिसके देत फिरतो. ते हिसके क्लचमधून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्यावर, इनपुट शाफ्टवर, उतरतात आणि ज्या गिअरांवर भार नसतो त्यांचे दाते आपसातल्या बारीकशा फटीत मागेपुढे आपटतात. ऑइल तापून पातळ झालं की त्यांना धरून ठेवायला काही उरत नाही. क्लच दाबला की इनपुट शाफ्ट थांबतो, आवाजही थांबतो. एवढं साधं आहे.

हे हिसके पुढे जाऊ नयेत म्हणून तर क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा असतात. या मॉडेलला तुम्ही त्यावर ड्युअल मास फ्लायव्हीलही दिलंय, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं. ब्रोशरमध्ये त्याची फुशारकीसुद्धा आहे. म्हणजे हा आवाज होऊ नये यासाठीच बसवलेला एक भाग आहे, आवाज होतोय, आणि तो भाग सोडून बाकी सगळं बघून झालंय. पहिल्या वेळी इंजिन माउंटिंग आवळली. दुसऱ्या वेळी गिअर ऑइल बदललं; आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गिअर लिव्हरची मूठ बदलली. मूठ! चौथ्या वेळी गाडी धुऊन दिली.

थोडीफार खळखळ डिझेल पिकअपला असते, हे मलाही मान्य आहे. पण ही गाडी ११,००० किलोमीटरपर्यंत गप्प होती. दर महिन्याला वाढत जाणाऱ्या आवाजाला 'गाडीचा स्वभाव' म्हणत नाहीत. आणि तुमच्या चारही जॉब कार्डांवर तो स्वभावही नाहीच, तिथे "आवाज आढळला नाही". मग फोनवर कशाला म्हणता की या मॉडेलला असतोच? आधी आपसात ठरवा : आवाज नाही, की आहे पण असतोच?

आता कालचा फोन. पहिल्या बाईंनी माझं बोलणं ऐकून घेतलं, "मी समजू शकते सर" असं चार वेळा म्हणाल्या आणि फोन तुमच्या तांत्रिक तज्ज्ञांकडे दिला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, क्लच दाबल्यावर आवाज जातो का?" खरं सांगतो, मला बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. मी उत्साहाने म्हटलं, "हो, पूर्ण जातो." पलीकडे कीबोर्डचा टकटक आवाज. मला वाटलं, फ्लायव्हील लिहून घेताहेत. मग ते म्हणाले, "मग सर, गाडी उभी असताना क्लच दाबून ठेवत जा."

मला आधी चेष्टा वाटली. मी विचारलं, "किती वेळ?"

"सिग्नल सुटेपर्यंत."

"आणि सिग्नल नसेल, नुसती गाडी चालू ठेवून उभा असेन तर?"

"तेव्हा बंद ठेवा ना सर. डिझेलही वाचेल."

मी म्हटलं, तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय की क्लचवर पाय ठेवून राहू नये. क्लच दाबला की ज्यावर भार येतो ते रिलीज बेअरिंग झिजलं तर कोण भरून देणार? यावर थोडी शांतता. मग, "मॅन्युअल जनरल असतं सर." चालत्या गाडीचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, "दोन हजारच्या खाली येऊच देऊ नका." आणि मग त्याच सुरात, "आणखी काही मदत करू शकतो का?" त्या 'आणखी'ला माझा नमस्कार. आधी काय मदत केली होती ते मी अजून शोधतोय.

दोन हजारच्या खाली येऊ नका, हे तुमच्या तज्ज्ञांनी तुमच्या डॅशबोर्डलाही कळवावं. गिअर वर टाका असं सांगणारा जो हिरवा बाण आहे, तो माझ्या गाडीत रिकाम्या सपाट रस्त्यावर १,६०० आरपीएमलाच पेटतो. त्याचं ऐकून चौथा टाकला की काटा १,१५०वर येतो, खडखडाटाच्या बरोबर मध्यावर. बाण तुमचा, तज्ज्ञ तुमचे. मी कुणाचं ऐकायचं? "कमी आरपीएमलाच भरपूर टॉर्क" ही जाहिरातसुद्धा तुमचीच. दोन हजारच्या वरच चालवायची होती तर तो टॉर्क काय ब्रोशरमध्ये वाचायला घेतला होता?

पुढची पळवाटही मला माहीत आहे. गिअरबॉक्स उतरवला की "क्लच हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाल. मी क्लच घसरत असल्याची तक्रार केलेली नाही. क्लच नीट पकडतो. मी फ्लायव्हील आणि हिसके जिरवणाऱ्या डॅम्पर स्प्रिंगांबद्दल बोलतोय, आणि वॉरंटीला अजून चार महिने आहेत. गाडी दर वेळी धुऊन परत पाठवायचं कारण हे चार महिनेच आहेत का, अशी शंका आता येते. चूक असेल तर लेखी कळवा.

ही तुमची माझ्याकडची दुसरी पिकअप. पहिली मी डोळे झाकून चालवली, आणि तिच्या भरवशावर मेहुण्यालाही तुमचीच घ्यायला लावली. आता तो भेटला की आधी गाडीचं बॉनेट उघडतो आणि कान लावून माझ्याकडे बघतो. याची भरपाई कुठल्या वॉरंटीत बसते?

सोमवारी दुपारी मी गाडी घेऊन येतोय, तासभर चालवून, गरम. शेजारी बसायला मेकॅनिक द्या, ॲडव्हायझर नको. एसी आणि रेडिओ बंद राहील. आवाज त्याच्या कानावर घातल्यावर गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हीलची मोकळी फिरकी आणि डगडग मोजायची, आणि तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशेजारी तो आकडा लिहून मला द्यायचा. आकडा मर्यादेत असेल तर मी गप्प बसेन. मोजायलाच नकार दिलात तर पुढचं पत्र वकिलाच्या लेटरहेडवर येईल. त्यात मुठीचा उल्लेख मी मुद्दाम करायला लावणार आहे.

आणि पाचव्या जॉब कार्डावर "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार" हे दोन शब्द नकोत. ज्याने ऐकला त्याची सही घ्या.

आपला,
(गाडी अजून तुमचीच असलेला) ग्राहक