तिरप्या रेघा: खापर शहराच्या उजेडावर नको

संपादक महोदय,

धनु राशीतल्या लगून तेजोमेघाच्या फ्रेम्स (एकापाठोपाठ टिपलेली छायाचित्रे) एकत्र स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकच चित्र केले, की पार्श्वभूमीवर पावसासारख्या तिरप्या रेघा दिसतात. नागपुरात त्याचे खापर सर्रास शहराच्या उजेडावर फोडतात. कारण वेगळेच आहे. माउंटचा (ताऱ्यांच्या गतीनुसार कॅमेरा फिरवणाऱ्या बैठकीचा) ध्रुवरोख, म्हणजे तिचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणे, किंचित चुकला की तारे सेन्सरवर हळूहळू एकाच दिशेला सरकतात. सॉफ्टवेअर तारे जुळवते, पण सेन्सरचे स्थिर डाग त्यामुळे ओढले जाऊन रेघा बनतात.

दर दोन-तीन फ्रेम्सनंतर डिदरिंग करा, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख मुद्दाम थोडा हलवा: १०-१५ पिक्सेल, दरवेळी वेगळ्या दिशेला. मग स्टॅकिंगमध्ये सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेम्सशी न जुळणारे पिक्सेल वगळणारी पद्धत) निवडा. डार्क फ्रेम्स (सेन्सरचे डाग वजा करण्यासाठी झाकण लावून टिपलेल्या) त्याच एक्स्पोजरच्या, आयएसओच्या आणि तापमानाच्या हव्यात. सेन्सरचा डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेमुळे उमटणारा संकेत) साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. थंडीतले डार्क इथल्या मे महिन्यात, तेही सेन्सर थंड ठेवण्याची सोय नसलेल्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याला, काय कामाचे?

— एक आकाशछायाचित्रकार, नागपूर