टायमरचा जुना कोड काढताना एवढं बघा

मंडळी, जे जे लोक आपापल्या प्रोसेसरचा टाइमकीपिंग कोड (वेळ मोजणारा कोड) लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) जेनेरिक, म्हणजे सगळ्या प्रोसेसरसाठी सामाईक, इंटरफेसवर हलवतायत त्यांच्यासाठी, पॅच (कोडमधला बदल) पाठवायच्या आधी हे वाचा. या इंटरफेसचे दोन भाग, क्लॉकसोर्स (आत्ता किती वेळ झाला ते सांगणारा) 2006 पासून आणि क्लॉकइव्हेंट (ठरल्या वेळी इंटरप्ट देणारा) 2007 पासून कर्नलमधे आहेत, तरी काही जण अजून टिक इंटरप्टमधे (टायमरच्या ठरावीक ठोक्याला) स्वतःच जिफीज (झालेल्या टिकची मोजणी) वाढवून दोन टिकमधला वेळ हाताने मोजत बसतात, ते आता बंद करा प्लीज, कारण त्या पद्धतीत हाय रिझोल्यूशन टायमर (टिकपेक्षा बारीक वेळ पाळणारे) आणि टिकलेस मोड (काम नसताना टिक थांबवणारा) मिळतच नाही.

क्लॉकसोर्सला फक्त काउंटर वाचून द्यायचा, मल्ट आणि शिफ्टचे आकडे (काउंटरचे नॅनोसेकंद करायला लागणारे गुणक) स्वतः काढू नका, फ्रिक्वेन्सी देऊन रजिस्टर करा बाकी कर्नल बघतो. मास्क (काउंटर किती बिटचा आहे ते सांगणारा आकडा) मात्र नीट तपासा!! 32 बिटचा काउंटर 24 मेगाहर्ट्झवर साधारण 179 सेकंदात गुंडाळतो (भरून परत शून्यावर येतो), मास्क चुकला की घड्याळ उडी मारणार आणि हा बग लगेच दिसत नाही, मशीन थोडा वेळ चालू ठेवल्यावरच कळतो. काउंटर उलटा मोजणारा असेल तर वाचलेल्या व्हॅल्यूचे सगळे बिट उलटवून द्या.

क्लॉकइव्हेंटमधे वनशॉट मोड (सांगितलेल्या वेळी एकदाच इंटरप्ट) जमत असेल तर तो द्याच, नुसता पिरिऑडिक (ठरावीक अंतराने सतत इंटरप्ट) देऊन पॅच पाठवला तर अर्धंच काम झालं (माझं मत). शेड्यूलर क्लॉक (शेड्यूलर आणि लॉग वापरतात ते घड्याळ) वेगळा रजिस्टर करावा लागतो, तो बरेच जण विसरतात, मग लॉगमधले टाइमस्टॅम्प जिफीच्याच टप्प्याने पुढे सरकतात.

जुना कोड त्याच पॅच सिरीजमधे काढून टाका, दोन्ही ठेवू नका.