त्या नाचाला नाव आहे, गाव आहे

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर नुकतीच एका मुखवटाधारी नर्तकाची चित्रफीत आली. मथळा होता ‘आफ्रिकेतला अफाट डान्स’ आणि मूळ आवाज काढून मागे हिंदी गाणे जोडले होते. ते पाहून फार वाईट वाटले.

तो नाच झाउली. आयव्हरी कोस्टमधल्या बुआफ्ले आणि झुएनुला भागातील गुरो समाजाचा. आमचा काजूचा कारखाना आहे. कोकणातली बी वर्षभर पुरत नाही, त्यामुळे कच्च्या मालाच्या खरेदीसाठी मी हंगामात तिकडे जातो. तिथल्या एका दलालाची आजी वारली, तेव्हा उत्तरकार्यासाठी तो मला झुएनुलाजवळच्या आपल्या गावी घेऊन गेला. झाउली मी तिथे पाहिली.

रंगवलेला, निमुळता, बाईचा लाकडी चेहरा. अंगाला घट्ट बसणारा विणलेला पोशाख. मनगटांना आणि घोट्यांना राफियाच्या, म्हणजे एका ताडाच्या धाग्यांच्या, झिरमिळ्या. कमरेच्या वर शरीर इतके स्थिर की मुखवटा जराही कलत नाही आणि खाली पाय दिसेनासे होतील एवढे वेगात. खरे पाहण्यासारखे होते ते ढोलवाल्यांकडे. ढोलाचा बोल पडला की तोच बोल पायांतून निघायचा. ढोल थांबला की पाय त्याच मात्रेवर थांबायचे. बासरीवाला तर नर्तकाच्या अगदी जवळून फिरत होता. पुढे बसलेली म्हातारी माणसे एकेका तोड्याला दाद देत होती. आता सांगा, हा ढोल पुसून टाकल्यावर त्या पायांना काय अर्थ उरतो?

बाईचा मुखवटा, पण नाचणारा पुरुष. आम्हा वेंगुर्ल्याकडच्यांना यात नवल नाही. दशावतार बघायला निघालेला माणूस आधी विचारतो, मंडळ कुठले, स्त्रीपार्टी कोण करतो? झुएनुलाकडेही नर्तक गावाच्या नावाने ओळखला जातो, गावागावांत स्पर्धा लागतात. मुखवट्याचे सात प्रकार आहेत, प्रत्येकाची कथा वेगळी. कोरणारा, विणणारा, गाणारा, वाजवणारा अशा कितीतरी हातांचे ते काम आहे. युनेस्कोने 2017 मध्ये झाउलीची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. म्हणजे ही माहिती शोधायला आयव्हरी कोस्टला जावे लागत नाही.

आफ्रिकेत 54 देश आहेत. लावणीच्या चित्रफितीखाली कुणी ‘आशियातला डान्स’ एवढेच लिहिले तर आपणच अग्रलेख लिहाल, आणि तो योग्यच असेल.

कृपया मथळा दुरुस्त करा, गुरो समाजाचे नाव द्या आणि मूळ ढोल-बासरी परत जोडा. मूळ आवाज मिळत नसेल तर ती चित्रफीत काढून टाका.

— एक काजू कारखानदार, वेंगुर्ले