बँड हातात घालण्याआधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

पावलं आणि नाडी मोजणारे दोन्ही बँड एव्हाना पोचले असतील. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आधी ज्याचं त्याचं वय, उंची, वजन भरा. बँड डाव्या हाताला, मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर बांधायचा. मागचा हिरवा दिवा कातडीला नीट टेकला नाही, तर नाडीचे ठोके चुकतात. आई, तू डाव्या हातात बांगड्या कमी ठेव आणि बँड त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला बांध.

पहिला आठवडा काही बदलू नका. नेहमीसारखे वागा आणि सात दिवसांच्या पावलांची सरासरी काढा. ती ३,००० आली तर पुढचे दोन आठवडे ३,५००, मग ४,०००. अ‍ॅप १०,००० चं लक्ष्य दाखवेल, ते बदला. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झालाय, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. अमेरिकेतल्या सत्तरीच्या आसपासच्या बायकांच्या २०१९च्या अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर वाढीव फायदा जवळजवळ थांबला.

बँड पाय मोजत नाही, हाताची हालचाल मोजतो. म्हणून मॉलमधली ट्रॉली ढकलताना पावलं गळतात आणि भजनात टाळ्या वाजवताना बसल्या जागी वाढतात! या चुका रोज साधारण सारख्याच होतात, तेव्हा आपल्याच गेल्या आठवड्याशी तुलना करा. एकमेकांशी नको, बाबा.

कॅलरीच्या आकड्याकडे बघूच नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली, त्यांत सर्वांत बऱ्याचीही चूक २७ टक्के होती. '२०० जाळल्या' म्हणून बेसनाचा लाडू खाल्ला की हिशेब तिथेच उलटतो. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६च्या चाचणीत तर दोन वर्षांनी बँडवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं आणि बँड नसलेल्यांचं ५.९. आहाराचा सल्ला दोन्ही गटांना होता. त्यामुळे रात्रीचा भात कमी करायचं ठरलंय, ते तसंच चालू ठेवा.

बाबा, तुमच्या मेटोप्रोलॉलच्या गोळीमुळे नाडीचे ठोके फारसे चढत नाहीत, म्हणून 'अजून जोरात चाला' ही सूचना तुमच्यासाठी नाही. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवा. आई, ग्लिमेपिराइड ही रक्तातली साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशीपोटी फिरायला जाऊ नकोस. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाल आणि पर्समध्ये साखरेची पुडी ठेव. घाम फुटला, हात थरथरले, तर थांबून ती खा. छातीत दडपण आलं तर बँड काय म्हणतो ते न बघता सरळ डॉक्टर.

गुडघ्यांची काळजी वाटते ना? वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दुखलं तर त्या आठवड्यात पावलं वाढवू नका, तेवढीच ठेवा.

अंघोळीला जाताना बँड चार्जिंगला लावा आणि पट्ट्याखालची कातडी कोरडी करूनच परत घाला, नाहीतर पुरळ येतं. पावलं फोनवर दिसेनाशी झाली, तर ब्लूटूथ चालू आहे का बघा. बहुतेकदा फोनचा बॅटरी सेव्हर अ‍ॅप बंद पाडतो.

दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी वजन करा. कंबर महिन्यातून एकदा, बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध मोजा. आईची ८० आणि बाबांची ९० सेंटिमीटरच्या आत यायला हवी. मला फक्त सरासरी पावलं आणि वजन कळवा, रोजचे स्क्रीनशॉट नकोत.

तुमची,
धाकटी