माकडतापाच्या निमित्ताने विज्ञान शिकवावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्यातील सत्तरी तालुक्यात मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. रोगांचा पाठ एका सत्रात आणि परिसंस्थेचा दुसऱ्या सत्रात, असेच आम्ही शिकवत आलो. त्या दोहोंमधला संबंध उलगडून दाखवायला तास उरत नसे. विषाणू आणि जीवाणू यांतील फरक परीक्षेत अचूक लिहिणारी माझी एक विद्यार्थिनी सर्दी-तापासाठी भावाच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेत असल्याचे कळले, तेव्हा माझ्या शिकवण्यातली उणीव मला फार बोचली. आरोग्य, औषधे आणि निसर्ग यांमागचे विज्ञान परिसरातल्या एखाद्या रोगाच्या आधारे एकत्र शिकवावे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. आणि आमच्या भागात त्यासाठी माकडतापाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

या रोगाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला आणि २०१५ साली सत्तरीत त्याची साथ आली. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माकडांत आणि माणसांत शिरतो. पाऊस सरून रान कोरडे पडू लागले की गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट होतो, आणि त्याच कोरड्या दिवसांत आमची माणसे काजूच्या बागायतींत बोंडू वेचत असतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून नवे शरीर शोधू लागतात. म्हणूनच मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे असते. हे कारण कळलेला मुलगा घरी आई-वडिलांना ते समजावून सांगतो, नुसती सूचना पाठ केलेला विसरून जातो, हा माझा अनुभव आहे. चरायला गेलेली गुरे गोचिडी गोठ्यापर्यंत आणतात, जंगल विरळ होत गेले की माकडे, गुरे आणि माणसे एकाच पट्ट्यात वावरू लागतात, हे सांगताना परिसंस्थेचा पाठ आपोआप पुढे येतो.

औषधांचेही तसेच. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका नीट बांधली जाऊ देत नाही. विषाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे माकडतापावर किंवा साध्या सर्दीवर ते चालत नाही. एवढे समजले की उरलेल्या गोळ्या का घेऊ नयेत, हे वेगळे बजावावे लागत नाही.

किनारपट्टीच्या शाळांनी याच पद्धतीने डास घ्यावा. हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अळी श्वासनलिका वर करून तिरकी लोंबकळते. बांधकामावरच्या साठवणीतले पेलाभर पाणी बाटलीत आणले तर हे साध्या भिंगातून दिसते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

यासाठी नवा विषय किंवा नवे पुस्तक काढू नये, मुलांच्या पाठीवरचे ओझे आधीच पुष्कळ आहे. आहेत त्याच पाठांची सांगड घालावी आणि परीक्षेत व्याख्येऐवजी कारण विचारावे. ज्या गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा आहे, तिथल्या डॉक्टरांनी वर्षातून एक दिवस जवळच्या शाळेला द्यावा, ही विनंती मला अवाजवी वाटत नाही. शिक्षण खात्याने निदान सत्तरीतील शाळांत तरी काजूचा हंगाम सुरू होण्याआधी माकडतापावरचे दोन तास ठेवावेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
वाळपई, सत्तरी